चौदा खडे कोंडाबाईंचे नव्हते

कोंडाबाईंनी पहिल्याच भेटीत माझी प्रतवारी केली आणि मला गोल्टीत टाकलं.

गोल्टी म्हणजे लहान कांदा. लोणी गावाच्या बाजूला साठवणीच्या बराखीतून कांदा बाहेर काढला, की बायका ढीग पुढ्यात घेऊन निवडायला बसतात. मोठा एकीकडे, मधला दुसरीकडे, गोल्टी तिसरीकडे. दबलेला, सडका, कोंब आलेला तो 'बदला'. त्याचा ढीग सगळ्यांपासून लांब, कारण एक बदला चांगल्या मालात राहिला तर शेजारच्यांनाही घेऊन जातो. कोंडाबाई या कामातल्या मुकादम. दहा-बारा बायकांची त्यांची टोळी होती आणि आंबेगावच्या पूर्व भागात कुणाचीही बराख फुटली, म्हणजे माल काढायला उघडली, की आधी त्यांना निरोप जायचा.

उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणून त्या मंचरला माझ्या दवाखान्यात आल्या तेव्हा मी त्यांना दुर्बिणीच्या ऑपरेशनवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. चार बारीक भोकं, टाके जवळजवळ नाहीत, तिसऱ्या दिवशी घरी. त्या माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होत्या. व्याख्यान संपल्यावर नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "गोल्टी हाय. पर टणक हाय. टिकंल."

बबनरावांनी मान खाली घातली. मी मात्र हसून नमस्कार केला, कारण मला ती स्तुती वाटली. आठवड्याने मालनसिस्टरनी अर्थ सांगितला. त्या त्याच भागातल्या. सांगताना त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

माझ्या व्यवसायातली माणसं म्हातारपणी आठवणी लिहितात तेव्हा त्यात रुग्ण वाचतात आणि डॉक्टर नम्र असतो. मीही दोन-तीन ठिकाणी असं लिहून बसलो आहे. त्या लिखाणात कोंडाबाई कुठेही नाहीत. आता दवाखाना बंद आहे, पाटी उतरवली आहे आणि मला खोटं पाडायला कुणी येईल असंही नाही. म्हणून लिहितो.

त्या तेव्हा पन्नाशीच्या असतील. काटक, उंच, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि हाताच्या बोटांना कांद्याच्या सालीचा कायमचा तांबूस रंग. निवडताना त्या कांद्याकडे बघत नसत. बघायचं काम बोटं करायची. डोळे समोरच्या माणसाकडे, तोंडाने गप्पा, आणि हातातला कांदा आपल्या ढिगात जाऊन पडलेला. त्यांना बसल्या जागी काहीतरी निवडल्याशिवाय राहवत नसे. माझ्या टेबलावर औषधांचे नमुने विखुरलेले असत. बोलता बोलता त्या गोल गोळ्यांची पाकिटं एकीकडे आणि लांबट गोळ्यांची दुसरीकडे करून टाकायच्या.

एकदा मी वॉर्डमधून खाली आलो तर बाहेर बसलेले सगळे पेशंट हललेले. तापवाले ओसरीत, लेकुरवाळ्या पंख्याखाली, नुसतं इंजेक्शन घ्यायला आलेले दाराशी. मधोमध कोंडाबाई.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं.

"लावून ठिवल्यात. ढीग तसाच पडला व्हता." मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्या बाबाला आदी घ्या. ह्याचा रंग गेलाय."

दवाखाना माझा होता, डिग्री माझी होती. मी त्या म्हाताऱ्याला मुद्दाम तिसरा घेतला. त्याच्या पोटात रक्तस्राव होत होता. त्याला जीपमध्ये घालून पुण्याला पाठवताना मी सगळ्यांना दरडावत होतो, जणू उशीर त्यांनी केला होता. त्या दिवसापासून मालनसिस्टर बाहेर गर्दी झाली आणि कोंडाबाई असल्या, की हळूच विचारायच्या, "आक्का, कोण आधी?"

आता ऑपरेशनकडे येतो. येणं भाग आहे.

सत्त्याण्णव साली आमच्या भागात दुर्बिणीने पित्ताशय काढणारा मी पहिलाच, असा माझा समज होता आणि दारावरच्या पाटीवर मी तो रंगवूनही घेतला होता. शिक्षण पुण्यात दहा दिवसांचं. त्यातले दोन दिवस उद्घाटन आणि समारोपात गेले. पण खरा अभिमान होता तो बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाचा. इतर दवाखान्यांत त्या जागी देव असतो. माझ्याकडे खडे होते. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांत घातलेले, प्रत्येक बाटलीवर पांढरी पट्टी, पट्टीवर गावाचं नाव. खोडद. शिनोली. अवसरी. जे लोक आपले खडे घरी नेत नसत त्यांचे मी ठेवून घेत असे.

बहुतेक लोक नेत. ऑपरेशन झालं की खडे नातेवाइकांना दाखवायचे, ही आमच्याकडची रीतच आहे. माणसं पेशंटकडे नंतर बघतात, आधी बाटलीकडे. हलवून, वाजवून, उजेडात धरून मोजतात. मग ती बाटली घरी टीव्हीशेजारी जाते आणि वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना दाखवली जाते. ज्याचे खडे जास्त त्याचा डॉक्टर मोठा.

कोंडाबाईंच्या सोनोग्राफीत वीस-पंचवीस खडे होते, आणि हे मीच बबनरावांना बोटांवर मोजून सांगितलं होतं. प्रत्यक्षात पित्ताशय सुजून यकृताला चिकटलेलं निघालं. मी चिमट्याने ओढलं, ते फाटलं, आणि खडे सांडले. पडद्यावर मला दिसले. बारीक, काळे, टोकदार, घरंगळत यकृताच्या मागच्या बाजूला जाणारे. हातमोज्याचं एक बोट कापून मी त्याची पिशवी केली होती. तीत एकेक खडा पकडून घालत गेलो. पोट धुतलं, पुन्हा धुतलं. नऊ सापडले. तासाभराने भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले.

खडे सांडणं हा गुन्हा नव्हता. चांगल्या चांगल्यांच्या हातून सांडतात. राहिलेले खडे पोटात निमूट पडून राहतात, काही करत नाहीत, असंच तेव्हा आम्हाला शिकवलेलं होतं. बाहेर जाऊन "काही राहिले, दुखलं तर लगेच या" एवढं म्हटलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण बाहेर लोणीची पंधरा माणसं बसली होती आणि माझ्या हातात फक्त नऊ खडे होते.

मी मागच्या दाराने बाहेरच्या खोलीत गेलो, कपाट उघडलं आणि शिनोलीची बाटली घेतली. तिच्यातले चौदा खडे कोंडाबाईंच्या बाटलीत घातले, वर सलाइन ओतलं. नऊ आणि चौदा, तेवीस. ओले असताना सगळे सारखेच काळपट दिसले. नातेवाइकांनी बाटली वाजवून बघितली. कुणीतरी म्हणालं, "लई माल निघाला राव." मी हात पुसत नम्रपणे उभा होतो.

आत मालनसिस्टर कार्ड लिहीत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. पेन थांबवून विचारलं, "सर, काय लिहू?"

"सर्व खडे काढले, असं लिहा."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा सुंदर होतं.

आठव्या दिवशी कोंडाबाई टाके काढायला आल्या त्या दोन बाटल्या घेऊन.

"डाक्टर, ह्ये दोन वावरांतलं हाय."

"काय?"

"खडं. घरी जाऊन पाणी वतून दिलं, सुपात वाळत घातलं. वाळल्यावर रंग उघडं पडलं. ह्ये नऊ बगा, कांद्याच्या बियागत काळं, कोनाकोनाचं. आन ह्ये चौदा पिवळं, गोल, तुरीच्या डाळीवानी. एका झाडाला दोन वाण लागत न्हाईत."

मी खुर्चीत मागे रेलून शास्त्र सांगितलं. खडे वेगवेगळ्या वर्षी होतात, खाण्यापिण्याप्रमाणे रंग बदलतो, पित्ताचं असंच असतं. मी इतकं छान सांगितलं की माझं मलाच पटलं. त्या शांत ऐकत होत्या. बोटं टेबलावरच्या गोळ्या निवडत होती.

"असंल," त्या म्हणाल्या. "तुमी शिकल्यालं हाय."

बाटल्या पिशवीत घालून त्या निघून गेल्या. त्या 'असंल'चा अर्थ मला कळला होता, आणि तो न कळल्याचं नाटक मी पुढची चार वर्षं केलं.

तीन वर्षं सगळं ठीक चाललं. त्या चार-सहा महिन्यांनी कुणाला तरी घेऊन यायच्या, कधी जावेला, कधी टोळीतल्या बाईला. उन्हाळ्यात गोणीभर कांदा पाठवायच्या, एकसारखा, जणू साच्यातून काढलेला. त्यात गोल्टीचा एकही दाणा नसे. एकदा मी गमतीने म्हटलं, "आमच्यासारख्यांना जागाच नाही तुमच्या गोणीत." त्या म्हणाल्या, "तुमची गोणी येगळी हाय. तीबी इकली जाती."

दोन हजार साली त्यांच्या कमरेच्या वर, उजव्या कुशीत दुखायला लागलं. मी म्हटलं, वाकून बसता, स्नायू आखडलाय. गोळ्या दिल्या, मलम दिलं. मग संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला. मी म्हटलं, व्हायरल. मग कुशीत सूज आली, लिंबाएवढी, पुढे संत्र्याएवढी. मी तिथे सुई घातली, पू आला. तपासायला पाठवला, त्यात कुठलेच जंतू उगवले नाहीत. मी त्यांना पुण्याला एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. चिठ्ठीत ऑपरेशनचा उल्लेख केला आणि कार्डाची प्रत जोडली. सुंदर अक्षरातली.

ते डॉक्टर माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आणि, काय म्हणतात ते, सरळ. त्यांनी कोंडाबाईंना सरळ प्रश्न विचारला, "ऑपरेशनच्या वेळी खडे सांडले होते का, पोटात राहिले का?" कोंडाबाईंनी पिशवीतून दोन्ही बाटल्या काढून त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "ह्ये नऊ माझं. ह्ये चौदा माझं न्हाईत. डाक्टर म्हंत्यात माझंच."

डॉक्टरांनी तिथूनच मला फोन लावला.

माझ्यासमोर तेव्हा तीन पेशंट बसले होते. पलीकडून प्रश्न आला, "तुमच्या पेशंट म्हणतात, बाटलीतले चौदा खडे त्यांचे नाहीत. काही राहून गेलेत का आत?"

मी हसलो. असा मोकळा हसलो की समोरचे तिघेही हसले. म्हणालो, "अहो, त्या कांदा निवडतात. त्यांना जिथे तिथे दोन ढीग दिसतात. सगळे काढलेत, कार्डावर आहे बघा."

मला आठवतं, फोन ठेवल्यावर ते वाक्य मला आवडलं होतं. दिवसभर मी ते दोन जणांना ऐकवलं.

सोनोग्राफीत पू दिसला, खडा दिसला नाही. सगळे खडे काढल्याची लेखी खात्री होती, वरून माझी तोंडी खात्री होती. आपल्याकडे कुशीत असा थंड पू साठला की पहिली शंका कशाची येते हे कुणीही सांगेल. कोंडाबाईंना टीबीचं औषध सुरू झालं. पुण्याच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना जो माल दिला त्याच मालावर त्यांनी भाव लावला. माल मी दिला होता.

ते औषध नऊ महिन्यांचं. लघवी लाल होते, तोंडाची चव जाते, सकाळी मळमळतं. ते त्यांनी सोसलं. पण लोणीत बातमी पोचली. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा फुप्फुसाचा आजार नाही, कुणाला लागणार नाही. ते ऐकायला बराखीत कोण होतं? टोळीतल्या बायका काही बोलल्या नाहीत. फक्त बसताना मध्ये एक जागा सोडायला लागल्या. चहाच्या वेळी कोंडाबाईंचा ग्लास कुणी उचलेना.

त्यांनी काय केलं ते बबनरावांनी मला सांगितलं. एक दिवस त्या स्वतःच उठल्या. आपला स्टीलचा ग्लास घासला, त्याच्या कडेला लाल दोरा बांधला आणि बराखीच्या लांबच्या खांबावर खिळा ठोकून त्यावर अडकवला. मग बायकांना म्हणाल्या, "आता बसा नीट. सारी उमर बदला बाजूला काढला. आता मीच मला काढलं."

हे सांगताना बबनराव जमिनीकडे बघत होते. मी त्यांचं ब्लडप्रेशर घेत होतो. पट्टा सोडायचं विसरलो.

औषधाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुण्यात सर्जन मंडळींची एक परिषद होती. मी दाराजवळच्या रांगेत बसलो होतो, जेवायला आधी निघता यावं म्हणून. एका तरुण डॉक्टराने पडद्यावर चित्रं दाखवली. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सांडलेले पित्तखडे, आणि कित्येक वर्षांनी कुशीत, पाठीत झालेले गळू. काही ठिकाणी टीबी समजून औषध दिलेलं. ते गळू कापल्यावर चिमट्यात आलेला खडा पडद्यावर पंख्याएवढा दिसत होता. काळा, टोकदार.

जेवायला मी सगळ्यांच्या शेवटी उठलो.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याच्या डॉक्टरांना पत्र लिहायला घेतलं. 'आपल्या पेशंटच्या बाबतीत एक शक्यता,' एवढं लिहून थांबलो. मग स्वतःला म्हटलं, टीबीही असू शकतो. औषध अर्ध्यावर तोडणं बरं नाही. वाट पाहू. मी स्वतःची समजूत काढण्यात फार कुशल सर्जन होतो. त्यात माझ्या हातून कधी काही सांडलं नाही.

नऊ महिने पूर्ण झाले. सूज गेली नव्हती. दोन हजार एकच्या शेवटी ती फुटली आणि कोंडाबाई ड्रेसिंगसाठी रोज माझ्याकडे यायला लागल्या. एका सकाळी मी जखमेत चिमटा घातला आणि टोकाला काहीतरी कडक लागलं. बाहेर काढलं. तुरीएवढा काळा खडा.

ट्रेमध्ये तो पडला तेव्हा वाजला. मालनसिस्टर खिडकीकडे बघायला लागल्या.

"दावा," कोंडाबाई कुशीवर पडल्या पडल्या म्हणाल्या.

मी ट्रे समोर धरला. त्यांनी खडा बोटांत घेतला. बघितला नाही, नुसता फिरवला.

"ह्यो माझा."

आणखी दोन निघाले. तेही 'माझे' म्हणून त्यांनी तळहातावर ठेवले. मग पदर सावरून उठून बसल्या आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलल्या.

"डाक्टर, पुण्याला तुमी फोनवर हसलात. त्ये मला ऐकू आलं. त्या साहेबाच्या हातातनं बाहेर आलं हसू."

मी चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

"मी वाट बघत व्हते. म्हटलं, आज ना उद्या सांगत्याल. खडं सांडलं तर सांडलं, माझ्या हातनंबी कांद्याच्या पाट्या सांडल्यात. पर दुसऱ्याचा माल माझ्या गोणीत का घातलात?"

यावर माझ्याकडे शास्त्र नव्हतं. मी म्हणालो, "जखम आता भरेल." आणि ती खरोखर भरली. तीन आठवड्यांत. तेवढं एक मी खरं बोललो होतो.

जखम भरल्यावर त्या बबनरावांना घेऊन आल्या. काम एकच होतं. "लिहून द्या, मला टीबी नव्हता. तुमच्या सहीचा कागुद. बराखीत वाचून दावायचाय."

मी लेटरहेड पुढे ओढलं. 'यांना टीबी नव्हता' असं लिहिलं, तर मग काय होतं? ते लिहावं लागणार. ते का झालं? तेही. कागद पुण्याला गेला तर? मी बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसलो. मग लिहिलं, 'यांचा टीबी पूर्णपणे बरा झाला असून त्यांच्यापासून कुणालाही धोका नाही.' खाली भरघोस सही आणि शिक्का.

बबनराव सातवी शिकलेले. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"बरा झाला न्हाई," कोंडाबाई म्हणाल्या. "नव्हताच. त्ये लिवा."

"कोंडाबाई, आमच्या भाषेत असंच लिहितात."

त्यांनी बबनरावांच्या हातातून कागद घेतला, नीट घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवला. मग पिशवीतून ती दुसरी बाटली काढली, पिवळ्या खड्यांची, आणि कागदावर ठेवली. वजन ठेवल्यासारखी.

"ह्ये चौदा मोजून घ्या. ज्याचं हाय त्याला द्या. त्यालाबी कुणीतरी विचारीत असंल."

टेबलावरच्या गोळ्यांना त्या दिवशी त्यांनी हात लावला नाही.

पुढची चार-पाच वर्षं त्या माझ्याकडे आल्या नाहीत. कांद्याची गोणी मात्र उन्हाळ्यात येत राहिली. पूर्वीसारखीच एकसारखी. ती मला कशी गिळवत होती हे मी सांगणार नाही. गिळवत होती एवढं खरं.

शेवटी मला हलवलं ते मालनसिस्टरनी. नोकरीच्या शेवटच्या दिवशी सत्कार झाला, मी भाषण केलं, नारळ दिला. सगळे गेल्यावर त्या कोंडाबाईंचं जुनं कार्ड घेऊन आत आल्या. ते उघडून म्हणाल्या, "सर, तीस वर्षांत माझ्या अक्षरात एक ओळ खोटी आहे. ही. तुमची असती तर मी काही म्हटलं नसतं."

त्या गेल्यावर मी दार लावून कागद लिहिला. या वेळी अडखळलो नाही. तो कागद असा होता: 'कोंडाबाई, राहणार लोणी, यांना टीबी कधीही झालेला नव्हता. ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या पित्ताशयातले खडे माझ्या हातून पोटात सांडले आणि राहिले. ते मी लपवले. त्यांना दिलेल्या बाटलीतले चौदा खडे दुसऱ्या रुग्णाचे होते. त्यांनी हे मला आठव्या दिवशीच सांगितलं होतं.' सही केली. शिक्का मारला. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लोणीला गेलो.

तो कागद आजही माझ्याकडे आहे, यावरून पुढचं कळलंच असेल. त्यानंतरच्या वर्षी कोंडाबाई गेल्या. झोपेत, हृदय बंद पडून. त्यांच्या पोटाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे बबनरावांनी मला मुद्दाम सांगितलं. त्यांना वाटलं, मला बरं वाटेल.

त्या दुपारी मी पोचलो तेव्हा बराख अर्धी उघडलेली होती आणि आठ-दहा बायका कांदा निवडत होत्या. सालीचा कचरा वाऱ्याने उडत होता. कोंडाबाई टोकाला, खांबाजवळ. त्यांच्या आणि पुढच्या बाईच्या मध्ये एक जागा रिकामी होती. पाच वर्षांत ती सवयीची झाली असावी. ती रिकामी आहे हेसुद्धा आता कुणाच्या लक्षात येत नसावं.

"या पावणं," त्या म्हणाल्या, हात न थांबवता. मग बायकांना म्हणाल्या, "ह्ये माझं डाक्टर. लई हुशार. पोट न फाडता खडं काढत्यात."

बायका हसल्या. त्यात टोमणा होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला रिकाम्या गोणीवर बसवलं. कुणीतरी चहा आणला. टोपलीत सात-आठ ग्लास. कोंडाबाईंनी मागे हात करून खिळ्यावरचा आपला ग्लास काढला आणि चहा ओतून घेऊन पुढे ठेवला. कडेला लाल दोरा. रंग उडालेला, पण गाठ घट्ट.

मी खिशातल्या कागदाला हात लावला. तो काढायचा, मोठ्याने वाचायचा, असं ठरवून आलो होतो. वाटेत दोनदा गाडी थांबवून पाठही केला होता. हात तिथेच राहिला. दुसरा हात पुढे गेला, त्या दोऱ्याचा ग्लास उचलला आणि मी चहा प्यायलो. सगळ्यांच्या देखत, शेवटच्या घोटापर्यंत. मला वाटलं, झालं. कागदापेक्षा हे मोठं झालं. आता सगळ्यांना कळलं.

"अवो डाक्टर!" पलीकडची बाई ओरडली. "त्यो आक्काचा गल्लास!"

सगळ्यांचे हात थांबले. आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"अरेरे," मी म्हणालो. "चुकून घेतला."

बायकांना हायसं वाटलं. डॉक्टर लोक वेंधळे असतात यावर दोघी-तिघी बोलल्या. एकीने मला पाण्याचा तांब्या दिला, चूळ भरायला. आणि मी, तालुक्यातला पहिला दुर्बिणवाला, तो तांब्या घेऊन बाजूला गेलो आणि चूळ भरली.

परत आलो तेव्हा कोंडाबाई माझ्याकडे बघत होत्या. बोटं चालूच होती.

"चुकून न्हाई," त्या हळू म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल असं. "आठातनं निवडून उचलला तुमी. मी बगितलं." हातातला कांदा ढिगात टाकून म्हणाल्या, "बोला आता. काय बोलाया आलाय ते."

मी त्यांना कांद्याचा बाजार विचारला.

त्यांनी तो सांगितला. मोठ्या मालाचा, मधल्याचा, गोल्टीचा, सगळा नीट. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मी गाडीकडे निघालो. दार उघडून मागे बघितलं तेव्हा त्या हौदाशी उकिडव्या बसून ग्लास घासत होत्या, राखेने, आतून-बाहेरून. विसळला, उन्हात धरून बघितला. क्षणभर टोपलीकडे वळल्या, जिथे बाकीचे ग्लास पालथे घातले होते. माझा हात खिशावर होता.

मग त्या खांबापाशी गेल्या आणि ग्लास खिळ्याला अडकवला.